विरळ हवा आणि पोटाची चरबी

व्यायामशाळेत कोणी काळा मुखवटा लावून ट्रेडमिलवर धापा टाकताना दिसला, की बघणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी जास्तच जळत असणार. मोबाइल उघडला तर तोच सूर: हिमालयाची हवा आता तुमच्या शहरात, कमी प्राणवायूत व्यायाम करा, चरबी झपाट्याने घालवा. पनवेल हे खाडीकाठचं गाव, हवा समुद्रसपाटीची. त्यात वजन वाढलेलं, गुडघे कुरकुरणारे आणि मुंबईला लोकलने जा-ये करण्यात रोजचे अडीच-तीन तास बसून जाणारे. अशा माणसाला कोणी निम्म्या मेहनतीत दुप्पट फळ देऊ केलं, तर त्याचा हात खिशाकडे जातोच.

म्हणून निकाल आधीच सांगितलेला बरा. कमी प्राणवायूत व्यायाम केल्याने लठ्ठ माणसाच्या शरीरात काही चांगले बदल होतात, हे खरं आहे. पण ते जाहिरातीत सांगतात त्या वाटेने होत नाहीत, आणि होतात तेही थोडे. त्यातला जो भाग खरोखर कामाचा आहे, तो पनवेलमध्ये यंत्राशिवाय आणि जवळजवळ फुकटात मिळवता येतो.

चरबी शरीरातून जाते कुठे, असं दहा जणांना विचारून बघा. कोणी घाम म्हणेल, कोणी पोट साफ होण्याशी तिचा संबंध जोडेल. खरं तर ती मुख्यतः श्वासावाटे जाते. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीअरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा चोख हिशेब मांडला. १० किलो चरबी पुरती जळायला २९ किलो प्राणवायू आत घ्यावा लागतो. मग त्या दहा किलोंतले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे चरबी जळायची तर प्राणवायू भरपूर हवा. मग प्राणवायू कमी केल्यावर ती जास्त कशी जळेल?

त्या क्षणी तरी नाही जळत. एक लिटर प्राणवायू खर्चून स्नायूने साखर जाळली तर सुमारे ५ कॅलरी ऊर्जा मिळते. चरबी जाळली तर सुमारे ४.७. फरक किरकोळ वाटतो, पण प्राणवायूची चणचण असते तेव्हा शरीर कंजूष होतं आणि साखरेकडे वळतं. सपाटीवर ज्या वेगाने तुम्ही निवांत चालता, त्याच वेगाने विरळ हवेत चाललात तर साखरेचा वाटा वाढतो, चरबीचा घटतो. पेशींमध्ये प्राणवायूची पातळी ओळखून जनुकांची कळ फिरवणारी एक यंत्रणाच आहे. ती उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. प्राणवायू घटला की ही यंत्रणा जागी होते आणि साखर जाळणारी विकरं वाढवते. नोबेल मिळालेलं विज्ञान म्हणून जिचा दाखला दिला जातो, ती यंत्रणा व्यायामाच्या त्या तासात ‘जास्त चरबी जळते’ या दाव्याच्या उलट दिशेला काम करते, हे जाहिरात करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

तरीही काही प्रयोगांत लोकांचं वजन उतरलं. ते का, हा खरा रंजक भाग आहे.

जर्मनीतल्या झुग्श्पिट्झ या सर्वांत उंच शिखराच्या थोडं खाली, २,६५० मीटरवर एक संशोधन केंद्र आहे. म्युनिकच्या डॉक्टरांनी २० लठ्ठ पुरुषांना तिथे आठवडाभर ठेवलं. व्यायाम नाही, नेहमीइतकंच सावकाश हिंडणं-फिरणं, आणि जेवण हवं तितकं. २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापले. सरासरी वजन १०५ किलोंवरून दीड किलोने खाली आलं होतं. त्यामागचं मोठं कारण म्हणजे माणसं कमी जेवली होती. समोर अन्न होतं, कोणी हात धरलेला नव्हता, तरी भूकच मंदावली. पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन रक्तात वाढलं होतं. शिवाय बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही थोडा चढला होता. खाली परतल्यावर चार आठवड्यांनीही वजन पूर्ण भरून आलं नव्हतं. म्हणजे डोंगराने चरबी जाळली असं म्हणण्यापेक्षा डोंगराने ताटातला भात कमी केला, असं म्हणणं जास्त खरं.

भूक मरण्याची दुसरी बाजूही पाहून ठेवा. १९८५ साली अमेरिकेत ‘ऑपरेशन एव्हरेस्ट २’ नावाचा प्रयोग झाला. तरुण, धडधाकट पुरुषांना बंद कक्षात ठेवून हवेचा दाब चाळीस दिवसांत हळूहळू एव्हरेस्टच्या शिखराइतका उतरवला. खायला चांगलंचुंगलं होतं, थंडीवारा नव्हता, तरीही प्रत्येकामागे सरासरी सात किलोंहून जास्त वजन गेलं. त्यात स्नायूंचा वाटा मोठा होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने वजनकाट्यावरचा आकडा उतरला म्हणून पेढे वाटावेत अशी ही घट नव्हे. स्नायू गेला की साखर साठवायची आणि वापरायची सगळ्यात मोठी जागा गेली.

आता व्यायामाचे प्रयोग. २००८ साली नेट्झर या संशोधकाने सहकाऱ्यांसह २० लठ्ठ माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी दीड तास हलका व्यायाम करायला लावला. निम्म्यांच्या खोलीत प्राणवायू १५ टक्के होता, निम्म्यांच्या खोलीत नेहमीचा. कमी प्राणवायूवाल्यांचं वजन सरासरी १.१४ किलो उतरलं, बाकीच्यांचं जवळपास जागच्या जागी राहिलं. आकडेशास्त्राच्या भाषेत हा फरक ‘लक्षणीय’ ठरला. पण ३६ तासांचा घाम आणि फरक एका किलोचा, हेही लक्षात ठेवा. २०१० साली बर्लिनमध्ये ४५ जणांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात विरळ हवेत चालणाऱ्यांची शरीरातली चरबी, कंबर, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स आणि इन्सुलिन जास्त सुधारलं. मात्र ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या चमूने २०१५ साली बराच लांबलेला प्रयोग छापला: ३२ लठ्ठ माणसं, आठ महिने, ५२ सत्रं. शेवटी वजनात दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे छोट्या प्रयोगांत दिसलेला फायदा लांबच्या प्रयोगात दिसला नाही.

बर्लिनच्या प्रयोगातली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते आणि ती जाहिरातीत कधीच येत नाही. विरळ हवेतल्या गटाचा ट्रेडमिल कमी वेगाने चालत होता. हृदयाला आणि फुप्फुसांना पडणारा ताण दोघांनाही सारखाच, पण पायांवर पडणारा मार कमी. शंभर किलोंच्या माणसाला पळायला लावलं तर दम लागण्याआधी त्याचे गुडघे बोलू लागतात. विरळ हवेत तो सावकाश चालूनही दमतो. सांधे न दुखवता हृदयाला पुरेसं काम देणं हा कमी प्राणवायूच्या व्यायामाचा खरा फायदा. आणि त्यासाठी प्राणवायूच कमी करावा लागतो असं नाही. जमीन तिरकी केली तरी तेच साधतं.

त्याआधी भूगोल. अनेकांना वाटतं, आपल्याकडे डोंगर आहेत की, सकाळी कर्नाळ्याला गेलं की झालं ‘हाय अल्टिट्यूड ट्रेनिंग’. उंचीवर हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण बदलत नाही, ते सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायू. कर्नाळा किल्ला सुमारे ४४० मीटर उंच. तिथला श्वास सपाटीवरच्या जवळजवळ २० टक्के प्राणवायूच्या हवेसारखा. फरक शरीराला कळतही नाही. प्रबळगड ७०० मीटरच्या आसपास, माथेरान ८०० च्या, तिथे हिशेब १९ टक्क्यांवर येतो. महाराष्ट्राचं टोक म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे १७ टक्के. प्रयोगांतली १५ टक्क्यांची हवा साधारण अडीच ते पावणेतीन हजार मीटरवर लागते. तेवढी उंची अख्ख्या सह्याद्रीत महाराष्ट्राच्या हद्दीत कुठेच नाही. कर्नाळ्याच्या वाटेवर लागते ती धाप चढाची, विरळ हवेची नव्हे.

खेळाडू उंचावर जातात त्याचं काय? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेससाठी अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जला, सुमारे १,८०० मीटर उंचीवर सराव करून आला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य जिंकलं. पण असे धावपटू तिथे जातात ते रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवण्यासाठी, त्याही आठवडेच्या आठवडे राहून. आठवड्यातून तीनदा तासभर खोलीत बसून तो परिणाम मिळत नाही, आणि चरबीशी त्याचा थेट संबंधही नाही.

मुखवट्याचं प्रकरण याहून सोपं आहे. रबरी मुखवट्याच्या झडपा अरुंद असतात. त्याने श्वास ओढायला जोर लागतो, पण आत येणारी हवा असते पनवेलचीच. म्हणजे व्यायाम होतो तो श्वासाच्या स्नायूंचा. जोडीला सोडलेला थोडा श्वास परत आत जातो, जीव गुदमरतो, आणि माणूस वेग कमी करतो. वेग कमी म्हणजे कॅलरी कमी. पैसे देऊन कमी व्यायाम विकत घ्यायचा असेल तर मुखवटा उत्तम.

प्राणवायूच्या कमतरतेबद्दल लठ्ठ माणसाने खरंच विचार करायचा असेल, तर तो व्यायामशाळेतल्या नव्हे, बिछान्यातल्या कमतरतेचा. मान आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठलेल्या माणसाचा घसा झोपेत मिटतो. घोरणं चढत जातं, मग अचानक शांतता, दहा-वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग मोठा फुस्कारा आणि पुन्हा घोरणं. त्या शांततेत रक्तातला प्राणवायू खाली घसरतो. असं रात्रीत शेकडो वेळा होऊ शकतं. दर वेळी शरीर घाबरून ॲड्रेनालिन सोडतं, साठलेल्या चरबीतून मेदाम्लं रक्तात सुटतात. ऐकायला बरं वाटेल की चला, चरबी निघाली. पण झोपलेल्या माणसाचे स्नायू ती वापरत नाहीत. ती यकृतात जाऊन बसते, इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते, रक्तदाब चढतो, आणि दिवसा गोडाची हाव सुटते. कमी प्राणवायूच्याच या दोन तऱ्हा. एकीत जागेपणी, मोजून-मापून, हातपाय हलत असताना तासभर. दुसरीत रोज रात्री बेहिशेबी. पहिलीसाठी लोक पैसे मोजायला तयार असतात आणि दुसरीला ‘दमून गाढ झोपलाय’ म्हणतात.

तेव्हा घरच्यांना विचारा. झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का? सकाळी डोकं जड असतं का, लोकलमध्ये बसल्या बसल्या मान पडते का, गळ्याचं माप ४० सेंटिमीटरच्या पुढे गेलंय का, गोळ्या घेऊनही रक्तदाब हटत नाही का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची चाचणी करून घ्या. ती हल्ली घरीही होते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. पण दिवसा बोटाला लावून ९८ दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. हा आजार जागेपणी दिसत नाही. तो असेल तर झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सी-पॅप यंत्र आणि वजन उतरवणं हे उपचार. असा आजार असलेल्या माणसाने कमी प्राणवायूच्या खोलीचं नावही काढू नये.

दुसरी घरगुती कमतरता रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लठ्ठ बाईचं रक्त भरलेलं असणार असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. वजन ऐंशी आणि हिमोग्लोबिन नऊ, हे सर्रास एकत्र नांदतात. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दोन जिने चढून लागणारी धाप ही आळसाची नव्हे. आधी रक्त भरून काढा. दोन-तीन महिन्यांत त्याच जिन्याला कमी दम लागतो, आणि चालणं आपोआप वाढतं. वजन उतरवायला आलेल्या किती जणींची ही साधी तपासणी राहून गेलेली असते!

आपण लठ्ठ आहोत की नाही, हे कपड्यांच्या मापावरून ठरवू नका. आपल्याकडे शरीरभाराचा निर्देशांक २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, युरोपियनांसारखा ३० ला नाही. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या वर गेली की सावध. याचं कारण पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा जोडफोटो छापला. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघांनाही कोणी लठ्ठ म्हटलं नसतं. मोजपट्टी बेंबीच्या आसपास, श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायची. पोट आत ओढून घेतलेलं माप फक्त शिंप्याला फसवतं.

आता चढाकडे येऊ. ८५ किलोंचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरने चालला, तर तासाला साधारण तीनशे कॅलरी खर्च होतात. तोच माणूस ताशी चारच किलोमीटरने, पण पाच टक्के चढावर चालला, तर चारशे. चढ दहा टक्के केला, तर साडेपाचशेच्या आसपास. वेग कमी, पाऊल हलकं, खर्च जास्त. विरळ हवेच्या खोलीत हृदयाला जे काम मिळतं, तेच इथे मिळतं, आणि प्राणवायू पुरेसा असल्यामुळे चरबी जाळायची वाटही मोकळी राहते.

ट्रेडमिल असेल तर सुरुवात तीन टक्के चढ आणि ताशी साडेतीन किलोमीटरने करा. कसोटी एकच: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. बहुतेक लठ्ठ माणसांत चरबी सर्वांत जास्त जळते ती याच टप्प्यात, धाप लागून बोलती बंद होते तिथे नव्हे. दर आठवड्याला एक तर चढ अर्ध्या-एका टक्क्याने वाढवा किंवा वेळ पाच मिनिटांनी. दोन्ही एकदम नको. आणि दांडी धरू नका. चढ दहावर नेऊन दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्या वजनाचा बराच भाग हातांवर असतो आणि शरीर पट्ट्याला काटकोनात मागे झुकलेलं असतं. म्हणजे चढ फक्त पडद्यावर राहतो. तोल जातोय असं वाटलं तर चढ कमी करा, पण हात मोकळे ठेवा.

यंत्र नसेल तर जिना आहे. वडाळे तलावाभोवतीची फेरी सुरुवातीच्या महिन्याला छान आहे, पण ती सपाट. महिन्याभराने तिच्या जोडीला इमारतीचा जिना घ्या. चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने. गुडघ्याच्या वाटीवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो, म्हणून ही उलटी पद्धत. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्टच नाही. तिथे कठड्याला हात लावून, एकेक पायरी, सावकाश उतरा. एका मजल्याला जेमतेम तीन कॅलरी लागतात, त्यामुळे चार मजले चढून वडापाव कमावला असं समजू नका. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे शंभर मजले! जिन्याचा फायदा कॅलरीत नाही. मांड्या आणि कुल्ल्यांच्या मोठ्या स्नायूंना काम लागण्यात आहे.

खारघरच्या टेकडीचा डांबरी रस्ता सकाळी चालायला चांगला, चढ एकसारखा. कर्नाळा महिन्यातून एकदा-दोनदा, हिवाळ्यात. वर जायला तास-दीड तास लागतो. काठी घ्या, उतरताना ती पुढे टेका. पहिल्याच दिवशी किल्ला गाठायची गरज नाही, अभयारण्यातल्या पायवाटेवर अर्धा तास वर जाऊन परत फिरलात तरी चालेल. पावसाळ्यात मात्र डोंगराचा नाद सोडा. दगड शेवाळलेले असतात, आणि प्रबळगड-कलावंतीणकडे जायला अनेकदा बंदीचे आदेश निघतात. ते चार महिने जिना आणि घर. ऑक्टोबरच्या उकाड्यातही जपून: घाम वाळत नाही, हृदयाचे ठोके नेहमीच्याच चालीला दहा-पंधराने वाढतात. त्या दिवशी चढ कमी करायचा.

आठवड्यातले दोन दिवस स्नायूंसाठी राखून ठेवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याची पाच लिटरची बाटली उचलणं, इतक्याने सुरुवात होते. ताटात प्रथिनं वाढवा. आपल्या भागात ते अवघड नाही. सुकट, बोंबील, अंडी, वालाची उसळ, डाळ. शाकाहारी घरात ताक-पनीर. जेवणात आधी उसळ किंवा मासे संपवा आणि मग भाताकडे वळा. झुग्श्पिट्झवर डोंगराने केलेलं काम इथे ताटातला क्रम करतो. पोट लवकर भरतं. थंडीत मडक्यातली पोपटी लावली की हिशेब गडबडतो हे मान्य. पण पोपटीत मुख्यतः शेंगा आणि अंडी असतात. खरी गडबड सोबतच्या बाटल्यांनी होते.

इतकं वाचूनही कोणाला मुंबई-पुण्यात अशी खोली गाठायचीच असेल, तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. प्राणवायू किती टक्क्यांवर आणतात? प्रयोगांत तो बहुधा १४-१५ टक्के होता. त्याहून खाली नेणाऱ्याला लांबूनच नमस्कार. पूर्ण वेळ बोटाला ऑक्सिमीटर असतो का, आणि आकडा किती खाली गेला की थांबवतात? या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर उठून या. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, दमा किंवा धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसं, रक्तक्षय, सिकलसेल, गरोदरपण, झोपेत श्वास थांबणं, यांपैकी काहीही असेल तर हा मार्ग तुमचा नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. प्राणवायू कमी असताना स्नायू साखर जास्त ओढतात आणि ती एकदम खाली येऊ शकते.

उरला प्रश्न लेहचा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत सहलीला जाऊन ‘दोन किलो कमी झाले’ म्हणत परतणारे दर वर्षी भेटतात. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीर लघवीवाटे पाणी टाकतं आणि भूक मरते. उतरलेल्या वजनाचा मोठा भाग या पाण्याचा असतो आणि घरी आल्यावर आठवड्यात परत येतो. वजन जास्त असलेल्यांना विरळ हवेचा त्रास होण्याची शक्यताही जास्त असते. मुंबईहून विमानाने थेट गेलात तर पहिले दोन दिवस खोलीतच राहा: जिना नाही, बाजार नाही, दारू आणि झोपेची गोळी तर नाहीच. त्यापुढे झोपायची जागा दर रात्री पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका. विरळ हवेच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. सी-पॅप वापरत असाल तर ते सोबत न्या, आणि रात्री वीज टिकते का हे हॉटेलला आधीच विचारा. डोकं ठणकणं, उलट्या, चालताना झोक जाणं, बसल्या जागी दम लागणं यातलं काही सुरू झालं, तर पुढची आरक्षणं विसरून त्याच दिवशी खाली उतरायचं.